संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

विट्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पायात
विमानतळावर वाटलेल्या निळ्या सपाता होत्या,
दोन्ही डाव्या.
रसवंतीवाल्या सदानं विचारलं, "बूट कुठं, शेठ?"
म्हटलं, घसरगुंडीच्या वर राहिले.
तो हसला. मीही हसलो.
मग रेणावीची गाडी लागेपर्यंत
बाकड्यावर बसून थरथरत राहिलो.

बत्तीस वर्षं आगीपुढं मांडी घालून बसलोय.
बापानं चौदाव्या वर्षी त्रिचूरला नेलं,
हातात भाता दिला.
सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
जाळायचा, धुवायचा, तेजाबात उकळायचा,
राखेतनं कणभर पिवळं उचलायचं.
ज्वाळेला हिरवी कड आली की मुशीत तांबं आहे,
हे मला झोपेतही कळतं.
अंगावर एक डाग नाही. विचारा कुणालाही.

म्हणून पंखाखाली ती दिसली तेव्हा
आधी भ्यालो नाही.
रंग बघितला.
नारंगी, वर काळं.
कशाचाच कस न बघणारी, नुसती खाणारी.
विमान उतरलं होतं, हळूहळू चालत होतं,
लोक फोनवर "पोचलो, पोचलो" सांगत होते.
शेजारचा पोरगा काचेला मोबाईल लावून
तिचंच चित्र घेत होता.
"बाळा, ऊठ," मी म्हणालो,
आणि माझा आवाज मलाच लांबनं आला.

मग पुढनं ती ओरडली.
दीड तासापूर्वी हात हलवून पट्टा दाखवत होती
तेव्हा एकानंही मान वर केली नव्हती.
"सामान सोडा! इकडनं! सामान सोडा!"
माझ्या पोरीएवढी. कपाळाला केस चिकटलेले.
एक माणूस वरच्या कप्प्यातनं बॅग ओढत होता,
त्याच्या मागं पन्नास माणसं.
तिनं ती हिसकावली, सीटवर भिरकावली.
माझीही बॅग वरच होती.
आत उधारीची वही, सुनेची जोडवी.
खोटं कशाला बोलू, मी एकदा वर बघितलं.
एकदाच.
तेवढ्यात माझ्या मागच्या बाईनं किती धूर गिळला
हे वहीत कुठं मांडू?

दारात पाय अडले.
खाली राखाडी रबर, उतार, अंधार.
पाठीवर तळवा बसला. सपाट. न विचारता.

गवतावर सगळे अनवाणी.
एक बाई दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराचा हात धरून
त्याला नाव विचारत होती,
त्याला तिची भाषा येत नव्हती,
तरी हात सोडत नव्हता.
माझं कोपर सोललेलं, रबराला घासून.
आयुष्यातलं पहिलं भाजणं,
तेही घसरगुंडीवर.

रेणावीच्या यष्टीत, मागच्या काचेवर, लाल अक्षरं:
संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
शाळेत असल्यापासनं वाचत आलोय.
त्या दिवशी उठून कडी हलवून बघितली.
गंजलेली.
"काय करताय, मामा?" कंडक्टर म्हणाला.
काय सांगणार?

बॅग एकविसाव्या दिवशी कुरियरनं आली.
कुलूप शाबूत, वही शाबूत.
जोडवी काळवंडली होती, बायकोनं चिंच लावून घासली,
चकाकली.
बॅगेचा वास काही जाईना. शेवटी गोठ्यात टांगली,
तर म्हैस दोन दिवस नीट पान्हवेना.

मुलानं परतीचं तिकीट काढलंय, रेल्वेचं.
मीच सांगितलं. दोन रात्री तर दोन रात्री.

झोप लागता लागता तो तळवा परत येतो.
काल उठून दिवा लावला, बायकोला म्हटलं,
बघ गं, पाठीवर काही उमटलंय का.
तिनं सदरा वर केला,
बराच वेळ बघितलं.
"काही नाही," म्हणाली, आणि हात ठेवला.
म्हटलं, तिथं नाही.
जरा वर. डावीकडं.